‘लान’ नावाचं शहर ३१ महिन्यांत का मोडलं? एका जर्मन जिल्ह्याची घडण, सोप्या भाषेत

माझा भाचा जर्मनीत गीसेन या गावी शिकतो. मध्यंतरी तो शेजारच्या वेत्सलार गावात भटकायला गेला आणि तिथल्या पार्किंगमधला एक फोटो त्याने मला पाठवला. ओळीने तीन गाड्या उभ्या. पहिलीच्या पाटीवर सुरुवातीला एलडीके, दुसरीवर डब्ल्यूझेड, तिसरीवर डीआयएल. खाली त्याचा प्रश्न होता: “मामा, तिन्ही गाड्या याच जिल्ह्यातल्या आहेत म्हणे. मग पाट्या वेगळ्या कशा?”

जर्मनीत गाडीच्या पाटीवरची पहिली अक्षरं जिल्हा सांगतात, आपल्याकडे एमएच नंतरचा आकडा आरटीओ सांगतो तशी. म्हणजे एका जिल्ह्याला एक संच पुरायला हवा. इथे तीन आहेत, आणि मधल्या काळात एक चौथाही होऊन गेला. त्या चार संचांचा माग काढत गेलं, की दोनशे वर्षांत एक जिल्हा कसा घडला, मोडला आणि पुन्हा घडला ते उलगडत जातं. तिथे राहणाऱ्या मराठी मुलांना सरकारी फॉर्म भरताना जे शब्द अडतात, त्यांचा अर्थही त्यातच लागतो.

आधी शब्द समजून घेऊ

जर्मनी हा राज्यांचा संघ आहे. आपली गोष्ट हेसेन या राज्यातली. फ्रँकफर्ट ज्या राज्यात आहे, ते हे राज्य. राज्याखाली ‘रेगीरुंग्सबेत्सिर्क’ असतो. आपल्याला ओळखीचा शब्द वापरायचा तर विभाग. पुणे विभाग, नाशिक विभाग म्हणतो तसा. त्याखाली ‘लांडक्राइस’, म्हणजे जिल्हा. क्राइस या शब्दाचा मूळ अर्थ वर्तुळ. आणि सगळ्यात खाली गावं आणि नगरं. यापुढे मी विभाग आणि जिल्हा हेच शब्द वापरतो.

दोन्हींत एक मोठा फरक आहे. विभाग हे निव्वळ राज्य सरकारचं कार्यालय असतं. हेसेनमध्ये त्याचा प्रमुख राज्य सरकार नेमतं. जिल्हा मात्र लोकांचा असतो. जिल्ह्याची स्वतःची निवडून आलेली सभा असते, आणि प्रमुख असतो ‘लांडराट’. हेसेनमध्ये १९९०च्या दशकापासून मतदार त्याला थेट निवडतात. आपल्याकडची जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कचेरी एकाच इमारतीत, एकाच माणसाच्या हाताखाली आणली, आणि त्या माणसाला लोकांनी मत देऊन बसवलं, तर जे तयार होईल ते साधारण लांडराटच्या कचेरीसारखं असेल. कचरा, शाळांच्या इमारती, समाजकल्याण, बांधकाम परवाने, गाड्यांची नोंदणी ही कामं तिथे चालतात. शाळेची इमारत जिल्ह्याची आणि शिक्षक राज्याचा, अशीही वाटणी आहे.

मोठी शहरं जिल्ह्याच्या बाहेर राहू शकतात. ती स्वतःच शहर आणि स्वतःच जिल्हा असतात. त्यांना ‘जिल्हामुक्त शहर’ म्हणू. आज जर्मनीत तीनशेच्या थोडे आत जिल्हे आहेत आणि शंभरावर जिल्हामुक्त शहरं.

पैशाची गोष्ट, कारण भांडण तिथूनच सुरू होतं

जिल्ह्याला स्वतःचं म्हणावं असं कराचं उत्पन्न फारसं नसतं. कारखान्यांवरचा व्यवसाय कर आणि जमिनीवरचा कर गावांच्या तिजोरीत जातो. मग जिल्हा आपल्या गावांकडून वर्गणी घेतो. सोसायटीचा मेंटेनन्स डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे तो फ्लॅटच्या आकाराऐवजी मिळकतीवर ठरतो. ज्या गावात मोठा कारखाना, त्याचा वाटा मोठा.

त्यामुळे सरहद्द दोन किलोमीटर इकडची तिकडे झाली, तर एखादा कारखाना एका सोसायटीतून उठून दुसरीत जातो. जिल्ह्यांच्या सीमा बदलताना जर्मनीत एवढी चुरस का लागते, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं इतिहासात आहे, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

नदी एक, राजे तीन

लान नदीच्या काठी गीसेन आणि वेत्सलार ही दोन शहरं आहेत. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. वेत्सलारलाच डिल नावाची नदी येऊन लानला मिळते. डिलच्या काठाने वर गेलं की हेर्बोर्न आणि डिलेनबुर्ग लागतात. एवढासा हा मुलूख, पण एकोणिसाव्या शतकात त्यावर तीन वेगवेगळ्या घराण्यांचं राज्य होतं.

वेत्सलार हे जुनं स्वतंत्र शहर. राजा मधे नाही, थेट सम्राटाशी, म्हणजे जर्मन राज्यांवरच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या प्रमुखाशी, नातं. फ्रेंच फौजांनी १६८९ मध्ये श्पायर शहर जाळलं, तेव्हा तिथलं साम्राज्याचं सर्वोच्च न्यायालय वेत्सलारला हलवलं गेलं आणि साम्राज्य बुडेपर्यंत, म्हणजे १८०६ पर्यंत, तिथेच राहिलं. पुढे जर्मनीचा महाकवी झालेला तरुण गटे १७७२ मध्ये वकिलीचे धडे गिरवायला इथेच आला होता. साम्राज्य गेलं, न्यायालय गेलं, आणि नेपोलियननंतरच्या वाटणीत १८१५ मध्ये वेत्सलार प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या पदरात पडलं. अडचण एवढीच की चहूबाजूंनी परक्या राज्यांचा मुलूख होता. प्रशियाने त्या तुकड्याचा जिल्हा केला आणि तो दूरच्या कोब्लेन्त्स विभागाला, म्हणजे ऱ्हाइन प्रांताला, जोडून टाकला.

गीसेन हेसेन-डार्मश्टाटच्या ग्रँड ड्यूककडे होतं. १६०७ पासूनचं विद्यापीठाचं गाव. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ‘लीबिग कंडेन्सर’ हाताळलेल्या प्रत्येकाने या गावाचं ऋण घेतलं आहे, कारण युस्टुस लीबिग १८२४ पासून १८५२ पर्यंत इथेच शिकवत होता. ड्यूकने आपल्या राज्यात १८३२ मध्ये जिल्हे पाडले. १८४८च्या क्रांतीत ते मोडून मोठे विभाग केले गेले, आणि क्रांती थंडावल्यावर १८५२ मध्ये पुन्हा जिल्हे आले. जिल्हे मोडून जोडायची सवय तिथे किती जुनी आहे, ते यावरून कळतं.

आणि डिलेनबुर्ग नासाऊ घराण्याचं. नेदरलँड्सचे लोक ज्याला राष्ट्रपिता मानतात, तो विल्यम ऑफ ऑरेंज १५३३ मध्ये या गावात जन्मला.

१८६६च्या युद्धात प्रशियाने ऑस्ट्रियाला हरवलं आणि नासाऊ गिळून टाकलं. डिलच्या खोऱ्याचा ‘डिलक्राइस’ हा जिल्हा झाला आणि वीसबाडेन विभागात गेला. आता वेत्सलारच्या शेजारी प्रशियाचाच मुलूख होता, तरी त्याचा कारभार ऱ्हाइन प्रांतातूनच चालत राहिला. तो वीसबाडेनला जोडला गेला १९३२ मध्ये. शेजार आपला झाल्यावरही कागद बदलायला सहासष्ट वर्षं लागली. गीसेन मात्र तेव्हाही वेगळ्या राज्यात होतं.

म्हणजे पंधरा किलोमीटर अंतरावरची ही दोन शहरं शतकाहून अधिक काळ वेगळ्या राज्यांत होती. कायदे वेगळे, सैन्यभरती वेगळी, वरिष्ठांची कचेरी वेगळी. १९४५ मध्ये अमेरिकी लष्करी प्रशासनाने जुन्या सीमा पुसून आजच्या हेसेनचा पाया घातला, तेव्हा कुठे ती एका राज्यात आली. जिल्हे तरीही जुनेच राहिले: गीसेन, वेत्सलार, डिल.

मग एकत्र आणायचं कशासाठी?

१९६०च्या दशकाच्या अखेरीला पश्चिम जर्मनीत सगळीकडे एकच विचार सुरू होता: एकके फार लहान आहेत. हेसेनमध्ये तेव्हा अडीच हजारांहून अधिक गावं स्वतंत्र कारभार करत होती. कित्येकांची वस्ती शे-पाचशेची, सरपंच फावल्या वेळात काम बघणारा. लोकांना मात्र सांडपाण्याचं शुद्धीकरण, मोठी शाळा, पोहण्याचा तलाव, शहररचनेचा आराखडा असं सगळं हवं होतं. शे-पाचशेच्या वस्तीला ते परवडणारं नव्हतं.

ही अडचण खरी होती, आणि सुधारणा करणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. पश्चिम जर्मनीतल्या जिल्ह्यांची संख्या दहा-बारा वर्षांत ४२५ वरून २३५च्या आसपास आली. हेसेनमध्ये ३९ जिल्ह्यांचे २० झाले. बहुतेक ठिकाणी कुरबुर झाली आणि विरली.

लान खोऱ्यासाठी मात्र आखणी मोठी होती. हेसेनच्या दक्षिणेला फ्रँकफर्ट आहे, उत्तरेला कासेल. मधला पट्टा मागे पडतो आहे, असं सरकारला वाटत होतं. गीसेनकडे विद्यापीठ आहे आणि वेत्सलारकडे उद्योग: लोखंड, भिंगं, कॅमेरे. दोन्ही एक केली तर लाखाच्या वरचं शहर उभं राहील आणि मधला पट्टा सावरेल. १९७४ मध्ये विधानसभेने कायदा केला. १ जानेवारी १९७७ रोजी गीसेन, वेत्सलार आणि आसपासची १४ गावं मिळून एक जिल्हामुक्त शहर जन्माला आलं. लोकसंख्या सुमारे १,५६,०००. नाव ठेवलं नदीचं: लान. त्याच दिवशी तिन्ही जुने जिल्हे मोडून लान-डिल-क्राइस हा एकच जिल्हा झाला.

३१ महिने

नकाशावर दोन शहरांना एका रेषेत घेणं सोपं होतं. पण त्यांच्या मधे शेतं होती, खेडी होती. गीसेनच्या माणसाला वेत्सलारला जायचं काही कारण नव्हतं आणि वेत्सलारच्या माणसाला गीसेनला. तरी एका सकाळी उठल्यावर त्यांना कळलं, की आपण एकाच शहराचे नागरिक आहोत आणि त्या शहराचं नाव आपण कधी उच्चारलेलंही नाही.

वेत्सलारला हा घाव जास्त लागला. ते दोघांतलं धाकटं, त्यामुळे गिळलं जाण्याची भीती त्याला होती. गीसेनही खूश नव्हतं. त्याचंही नाव गेलंच होतं, शिवाय आधीपासूनचा जिल्हामुक्त दर्जा आता वाटून घ्यावा लागत होता.

२० मार्च १९७७ रोजी स्थानिक निवडणुका झाल्या. राज्यात सत्तेवर सोशल डेमोक्रॅट होते आणि एकत्रीकरण त्यांचं होतं. नव्या शहरात मतदारांनी त्यांना बाजूला सारून ख्रिश्चन डेमोक्रॅटांना स्पष्ट बहुमत दिलं. नव्या शहराच्या पहिल्याच सभेत ते शहर नको असलेल्यांचा आवाज मोठा झाला. विरोध थांबला नाही, आणि शेवटी ज्या विधानसभेने हे शहर घडवलं तिनेच ते मोडणारा कायदा केला. ३१ जुलै १९७९ हा लान शहराचा शेवटचा दिवस.

“कारभार सुधारत असेल तर नावाचं एवढं काय?”

हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे, आणि तो उथळ नाही. नळाला पाणी येतंय, कचरा उचलला जातोय, मग पाटीवर काय लिहिलंय याने काय बिघडतं?

वेत्सलारचंच उदाहरण घ्या. लाइका हा कॅमेरा या गावात जन्मला. ओस्कार बार्नाकने त्याचा पहिला नमुना पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर बनवला, आणि १९२५ मध्ये तो जगापुढे आला. त्यानंतर जगभरच्या भिंगांवर ‘वेत्सलार’ हा शब्द कोरलेला दिसू लागला. मुंबईतल्या जुन्या फोटोग्राफरला विचारा, त्याने तो वाचलेला असेल. त्या नावाची जागा कायद्याने एका नदीला दिली. नदी सुंदर आहे. पण ती किती गावांवरून वाहते! तिच्या नावाने कुणाला वेत्सलार आठवणार?

शिवाय नाव हा लोकांचा एकमेव मुद्दा नव्हता. आपले निर्णय आपल्यापासून दूर जातील, आपल्या कारखान्यांचा कर दुसऱ्याच्या रस्त्यांवर जाईल, ही धास्ती तितकीच मोठी होती. नाव ती धास्ती बोलून दाखवायला सोपं होतं, म्हणून ते पुढे आलं.

“पण लोकांना आधी विचारलं नव्हतं का?”

जर्मन राज्यघटनेचं २८ वं कलम गावांना आपला कारभार आपण करण्याची हमी देतं. हे वाचून अनेकांना वाटतं, की मग गाव मोडताच येणार नाही. तसं नाही. हमी आहे ती गावांच्या स्वराज्याच्या व्यवस्थेला. अमुक एक गाव कायम तसंच राहील, अशी हमी नाही. लोकहितासाठी राज्य कायदा करून गावं जोडू शकतं, मात्र आधी त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ऐकून घेणं म्हणजे संमती घेणं नव्हे. लानच्या बाबतीत सगळं कायदेशीर होतं, आणि तरीही ते टिकलं नाही.

मोडल्यावर सगळं जुन्या जागी गेलं असंही नाही. गीसेन जिल्हा पुन्हा उभा राहिला, त्यामुळे हेसेनमध्ये २० चे २१ जिल्हे झाले. पण गीसेन शहराला जिल्हामुक्त दर्जा परत मिळाला नाही, ते नव्या जिल्ह्यातलं एक शहर झालं. वेत्सलार आसपासची आठ गावं पोटात घेऊन आधीपेक्षा मोठं झालं आणि लान-डिल-क्राइसचं मुख्य ठिकाण बनलं. काही गावं तर सीमेच्या दुसऱ्या बाजूला गेली. क्रोफडोर्फ-ग्लायबेर्ग, लाउन्सबाख आणि विसमार ही तिन्ही वेत्सलार जिल्ह्यातली होती. आज ती वेटेनबेर्ग या नावाने एकत्र आहेत आणि गीसेन जिल्ह्यात मोडतात. प्रशियाची जुनी सीमा शेवटी पुसली गेली ती अशी, मोडणीच्या धांदलीत.

विभाग हवाच कशाला?

लान गेलं, पण मधल्या पट्ट्याला आपलं काही हवं ही मागणी राहिली. १ जानेवारी १९८१ रोजी राज्याने गीसेन विभाग स्थापन केला. डार्मश्टाट विभागातून चार जिल्हे काढले: गीसेन, लान-डिल, लिम्बुर्ग-वाइलबुर्ग, फोगेल्सबेर्ग. कासेल विभागातून मारबुर्ग-बीडेनकोप्फ घेतला. दहा लाखांच्या आसपास लोकवस्तीचा हा विभाग आजही आहे. शहर जोडून जे साधलं नाही, त्यातलं बरंचसं एका कचेरीने साधलं, कारण कचेरीने कुणाचं नाव मागितलं नाही.

विभाग म्हणजे फायलीचा आणखी एक थांबा, असं म्हणणारे जर्मनीतही आहेत. ऱ्हाइनलँड-पॅलेटिनेटने आपले विभाग या शतकाच्या उंबरठ्यावर बंद केले, लोअर सॅक्सनीने २००४ च्या अखेरीला. आता विभाग फक्त चार राज्यांत उरले आहेत: बव्हेरियात सात, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात पाच, बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये चार, हेसेनमध्ये तीन. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की पर्यावरण परवानगी, धरणांची तपासणी, जिल्ह्यांवरची देखरेख ही कामं मंत्रालयात बसून होत नाहीत आणि एकट्या जिल्ह्याला झेपत नाहीत. मला हे पटतं. विभाग बंद केले तरी ही कामं संपत नाहीत. ती दुसऱ्या कुठल्यातरी पाटीखाली करावीच लागतात.

मोठा जिल्हा स्वस्त पडतो, हे तरी खरं ना?

काही अंशी. पण मोजायचं काय, हा प्रश्न उरतो. ईशान्येच्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने पाचच अवाढव्य जिल्हे करायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या घटना न्यायालयाने २००७ मध्ये तो कायदा रद्द केला. न्यायालयाने लक्ष वेधलं ते एका साध्या गोष्टीकडे. जिल्हा सभेचे सदस्य पगारी नसतात. आपली नोकरी, शेती सांभाळून ते बैठकीला येतात. जिल्हा इतका पसरला की बैठकीला जाण्यातच दिवस मोडेल, तर सामान्य माणूस सदस्य होणारच नाही. कारभार स्वस्त होईल आणि स्वराज्य महाग. २०११ मध्ये अखेर सहा जिल्हे झाले. त्यातला सरोवरांचा जिल्हा तरीही सारलांड या अख्ख्या राज्याच्या दुपटीहून मोठा आहे. पुढे ब्रांडेनबुर्गने अशीच योजना आखली आणि विरोध पाहून २०१७ मध्ये मागे घेतली.

आता त्या पाट्यांकडे

१९७६ पर्यंत वेत्सलारची पाटी डब्ल्यूझेड होती, डिलची डीआयएल आणि गीसेनची जीआय. लान शहर झालं तेव्हा त्याला एकच अक्षर मिळालं: एल. एक अक्षर म्हणजे मोठ्या शहराचा मान. खरं तर १९५६ मध्ये पाट्यांची पद्धत आखताना पश्चिम जर्मनीने हे अक्षर लाइपझिगसाठी राखलं होतं. लाइपझिग पूर्व जर्मनीत होतं, पण देश कधीतरी एक होईल या आशेने त्याचं अक्षर मोकळं ठेवलेलं. वीस वर्षांनी ती आशा विरली असावी, म्हणून अक्षर लानला देऊन टाकलं.

शहर १९७९ मध्ये मोडलं. गीसेनने आपलं जीआय परत घेतलं. लान-डिल-क्राइसने एल ठेवून घेतलं. आणि १९९० मध्ये जर्मनी एक झाली. लाइपझिगला त्याचं अक्षर परत द्यावं लागलं आणि जिल्ह्याच्या वाट्याला एलडीके आलं. १९२५ मध्ये लाइका पहिल्यांदा लोकांसमोर मांडला गेला तो लाइपझिगच्या वसंत जत्रेत, हे आठवलं की या देवाणघेवाणीचं मला बरं वाटतं.

वेत्सलारने डब्ल्यूझेड परत मिळवलं २०१२ मध्ये. त्याच वर्षी देशभरात जुनी अक्षरं पुन्हा वापरायची मुभा देणारा नियम आला आणि मागोमाग डीआयएलही परतलं. भाच्याच्या फोटोतल्या तीन पाट्या त्या अशा.

लान नावाचं शहर आता नकाशावर नाही. मात्र शहर मोडलं त्याच दिवशी गीसेन आणि वेत्सलार यांच्या मधल्या आट्सबाख, डोर्लार आणि वाल्डगिर्मेस या तीन गावांनी एकत्र येऊन एक छोटी नगरपालिका केली. तिचं नाव लानाउ, म्हणजे लानकाठचं कुरण. वस्ती दहा हजारांच्या आत. वाल्डगिर्मेसच्या शेतात दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन वसाहतीचे अवशेष आहेत. तिथल्याच एका विहिरीतून २००९ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेलं काशाचं घोड्याचं डोकं निघालं. मी भाच्याला म्हटलंय, पुढच्या सुट्टीत तिथे जाऊन ये.